पगारी भाचा

शालिकची आठवण निघाली की मला आधी त्याचा पाय दिसतो, चेहरा मागून येतो. उजवा पाय. अनवाणी, टाचेला भेगा, खाकी पँट नडगीपर्यंत दुमडलेली, आणि तो पाय त्याच्या आजारी मामाच्या खाटेच्या काठावर ठेवलेला. बाहेरच्या माणसानं पाहिलं असतं तर म्हणाला असता, काय उद्दाम आहे हा, म्हाताऱ्याच्या अंथरुणाला पाय लावतो! पण थांबा, सगळं नीट सांगते, नाहीतर तुम्हीही तसंच काही समजून बसाल.

गांधीबागेच्या मागच्या गल्लीत नत्थूजींचं घर होतं. खाली ते, त्यांचा मुलगा प्रभाकर आणि सून निर्मला. वरच्या एका खोलीत आम्ही किरायादार. माझे यजमान रेल्वेत, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर. मी घरी ब्लाउज, परकर, पोरींचे फ्रॉक शिवायची. मशीन खिडकीशी मांडली होती, कारण उजेड तिथेच होता, आणि खिडकीखाली नत्थूजींचं अंगण होतं. गल्लीतले लोक म्हणायचे, कमलबाईला साऱ्या घराच्या खबरा असतात. असतीलच की! डोळे मिटून का कोणी शिवण करतं?

नत्थूजींनी बाजारात खांद्यावर कापडाचे तागे वाहून सुरुवात केली आणि शेवटी ठोक कापडाचं स्वतःचं दुकान टाकलं. काळी टोपी, पांढरं धोतर, आणि आवाज असा की दुकानात बोलले तर चार दुकानं पलीकडचा माणूस भाव ऐकून घ्यायचा. पैशाला चिकट होते, खोटं कशाला बोलू? किराया एक तारखेला नाही मिळाला तर दोन तारखेला जिन्याखाली खोकत उभे राहायचे. पण एका माणसापुढे त्यांची सगळी ऐट गळून पडायची, आणि तो म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा शालिक.

आमच्या इकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. होय, मोठा माणूस लहानाच्या. पुण्याकडच्या माझ्या एका जावेला हे सांगितलं तर ती हसून हसून बेजार झाली. हसो बापडी. शंभर बामण जेवू घातले काय आणि एक भाचा जेवू घातला काय, पुण्य सारखंच, असं आमच्याकडे म्हणतात. भाच्यानं मामाच्या पायाला हात लावायचा नाही, मामानं तो लावू द्यायचा नाही. भाच्याला द्यायचं, त्याच्याकडून घ्यायचं नाही. त्याच्याकडून सेवा करून घेणं तर पापच. नत्थूजी या बाबतीत फार कडक होते.

एकदा मी अस्तराचं कापड आणायला त्यांच्या दुकानात गेले होते. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. तेवढ्यात शालिक आला. तो तेव्हा हिंगण्याच्या एका कारखान्यात होता, पाळी संपवून थेट कंपनीच्या बसमधून उतरून आलेला. कपडे काळे, हात काळे, केसांतही काहीतरी चिकटलेलं. नत्थूजी गादीवरून उठले, टोपी काढून ठेवली, खाली उतरले आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

शालिक मागे सरकला. "मामाजी, ग्रीस लागंल ना जी कपाळाले!"

"लागू दे. तू सिधा उभा राह्य."

कपाळावर काळा डाग घेऊन ते परत गादीवर बसले आणि मला म्हणाले, "बोला बाई, किती मीटर?" डाग पुसलाही नाही. घरी सगळे शालिकला शालिक नाहीतर शाल्या म्हणायचे, नत्थूजी मात्र पूर्ण शालिकराम म्हणायचे, आणि तेही आदरानं.

अशा माणसाला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तो आवाज! गल्लीतल्या लोकांना किती तरी दिवस चुकल्यासारखं वाटत होतं. तोंडातून नुसता "आ... आ..." निघायचा आणि डाव्या डोळ्यातून पाणी.

निर्मलाला मी दोष देणार नाही. सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली बाई, ती त्यांचं अंग कसं धुणार? प्रभाकर सकाळी दुकानात जायचा, तो दिवेलागणीला यायचा. दोन-तीन माणसं ठेवून पाहिली. एक प्यायचा, एकानं नत्थूजींना उचलताना आपटलं, एक न सांगताच निघून गेला. त्याच सुमारास शालिकच्या कारखान्याच्या गेटला टाळं लागलं होतं. बायको आणि दोन मुली काटोलला त्याच्या आईजवळ, आणि हा इथे कामाच्या शोधात सायकल हाणत फिरत होता.

प्रभाकर त्याला अंगणातच बोलला, मी वर काजं करत होते.

"पाह्य शालिक, बाहेरच्याले देतो तेच तुले देईन. तुलेही काम नाई सध्या. घरचा मानूस घरात राहीन."

शालिकनं सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "मामाजीले चालन का?"

"आता त्याइले इचारून का होते गा?"

शालिकला बोलताना एक सवय होती. कोणतंही अवघड काम समोर आलं की म्हणायचा, "होते जी, होते." जड टेबल उचलायचं असो की मुलीचा ताप उतरायचा असो, होते जी, होते. त्या दिवशीही तेच म्हणाला आणि पँटचे पाय दुमडले.

सकाळी खाट अंगणात काढून तिथेच अंग धुवायचं ठरलं. पहिल्याच दिवशी रडारड. नत्थूजींना लकवा झाला होता, अक्कल शाबूत होती. आपला भाचा आपलं भांडं उचलतो, आपली घाण पुसतो, हे त्यांना कळत होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डावा हात असा झटकला की पाण्यानं भरलेला गंज फरशीवर उपडा. बाकी अंग कसंबसं धुऊ दिलं, पण पाय? शालिकनं पायाला हात लावला की चांगला पाय पोटाशी ओढून घ्यायचे, आणि निकामी पायावर तोच ठेवून द्यायचे, झाकल्यासारखा. किती तरी दिवस पाय धुतलेच गेले नाहीत. बोटांच्या सांदीत भेगा पडल्या, माशा बसू लागल्या.

शालिक माझ्या जिन्यात येऊन बसला. "कमलताई, का करू सांगा ना. धुतले तर मामाले पाप लागते, न धुतले तर पाय सडते."

मी कपाळ काय सांगणार! शास्त्र थोडंच शिकले होते? मी त्याला चहा दिला.

तोड काढली ती नत्थूजींनीच. एका सकाळी अंग पुसून झालं तसे ते डाव्या हातानं खाटेच्या काठावर थापा मारू लागले. थाप, थाप. शालिकनं पाणी पुढे केलं. नाही. उशी वर केली. नाही. भांडं आणलं, तेव्हा तर म्हातारा चिडून लालच झाला. शेवटी त्यांनी शालिकच्या पँटला धरलं आणि ओढलं, ओढत राहिले, तेव्हा कुठे त्याला उमगलं. त्यानं लाजत लाजत उजवा पाय उचलून खाटेच्या काठावर ठेवला. नत्थूजींचा हात निघाला. तो हात म्हणजे आधी पांघरुणावरून घसरत यायचा, मध्ये दम खायचा, मग काठापर्यंत पोचायचा. बोटं शालिकच्या अंगठ्याला लागली, आणि तोच हात तितक्याच सावकाश कपाळाला गेला. मग त्यांनी आपला पाय पोटाशी ओढलेला होता तो सोडला, आपण होऊन लांब केला.

तेव्हापासून तो त्यांचा रोजचा शिरस्ता झाला. आधी अंग, मग भाच्याचा पाय काठावर, मामाचा नमस्कार, आणि त्यानंतर मामाचे पाय धुणं. देणं फिटलं, आता घ्यायला हरकत नाही, असा काहीतरी त्या म्हाताऱ्याचा हिशेब असेल. पाय ठेवून उभं राहताना शालिक आकाशाकडे पाहायचा, कानापर्यंत लाल व्हायचा. पण हात परत कपाळाला जाईपर्यंत हलायचा नाही.

पगाराचंही सुरुवातीला असंच गोड चाललं. महिना झाला की प्रभाकर नोटा वडिलांच्या डाव्या हातात द्यायचा, ते त्या शालिकच्या पायावर ठेवायचे, शालिक उचलून खिशात घालायचा. दक्षिणा म्हणा, पगार म्हणा. मी वरून पाहायची आणि मनात म्हणायची, चला, देवानं काहीतरी तरी नीट मांडलं.

शालिकचं तोंड दिवसभर चालू असायचं. मामा बोलत नव्हते तर हा दोघांचंही बोलायचा. "आज काटोलच्या बाजारात संत्र्याचा भाव पडला जी. तुम्ही म्हनान काहून पडला? अवो, पानी कुठी पडलं औंदा, फळच बारीक!" मग स्वतःच हसायचा. संत्र्याची फोड सोलून, वरचं पातळ सालही काढून, नुसता रसाळ गर मामाच्या जिभेवर ठेवायचा. थंडीत खाट दिवसभर अंगणातच उन्हाला ठेवायचा आणि ऊन सरकलं की खाटही सरकवायचा. उन्हाळ्यात ओली चादर दारावर टांगायचा आणि ती वाळली रे वाळली की पुन्हा भिजवायचा.

आणि एक सवय पाहून मला तुटायचं. जेवायला बसण्याआधी तो हात हुंगायचा. साबणानं धुवायचा, राखेनं धुवायचा, हुंगायचा, परत धुवायचा. मग घरच्यांपासून दूर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर ताट घेऊन बसायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, घरात बस ना, कोणी काही म्हणतं का?" तर म्हणाला, "म्हनत नाई कोनी. माह्यच मले वाटते." खरं म्हणजे निर्मलाला ते बरंच वाटायचं, तिनं कधी आत बोलावलं नाही.

हे असं वर्षभर चाललं. मग प्रभाकर म्हणाला, पगार दुकानातून घेत जा, दुकानाच्या खर्चात बसतो. झालं! महिन्याच्या शेवटी दुकानासमोर हमाल पगाराला उभे राहायचे, त्यांच्यात शालिक. ज्या गादीवरून उतरून मामानं सगळ्यांसमोर त्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं, त्याच गादीवरून प्रभाकर आता हमालांबरोबर त्याचं नाव पुकारायचा. हमाल थट्टा करायचे, "का भाऊ, मामाच्या दुकानात भाच्याचा नंबर शेवटी?" शालिक हसायचा. हे मी ऐकीव सांगत नाही, अस्तराचं कापड आणायला मी तिथे होते.

त्यानंतर निर्मलाची भावजय राहायला आली. सकाळी अंगणात दात घासत होती, तिनं नत्थूजींचा नमस्कार पाहिला आणि फिसकन् हसली. "बाप्पा! पगारही घेते अन् पायाही पडून घेते? लय चांगली नोकरी हाय वं निर्मला!"

हे ठिणगीसारखं लागलं. निर्मला दिवसभर भांडी आदळत होती. दिवेलागणीला प्रभाकर आला, आणि त्यानं शालिकला अंगणात बोलावलं. ओरडला नाही, हे त्याचं मी कबूल करते. समजावल्यासारखं बोलला, आणि तेच जास्त वाईट होतं.

"पाह्य गा, पगार घेते तो गडी असते. मालकानं गड्याच्या पाया पडाचं, हे बरं दिसते का? उद्यापासून पाय ठेवू नोको खाटेवर."

"मी कुठी म्हनतो पडा म्हून? मामाजीच म्हनते."

"त्याइले कळत नाई आता. तुले तं कळते ना?"

दुसऱ्या दिवशी अंग पुसून झालं. खाटेच्या काठावर थाप पडली. थाप, थाप. शालिक पाणी घेऊन बाजूला उभा. नत्थूजींचा हात निघाला, काठावर आला, तिथं पाय नव्हता. हात काठ चाचपत पुढे गेला, मागे आला, परत पुढे गेला. निर्मला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. शालिकनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग म्हाताऱ्यानं तो हात उचलून तसाच, रिकामा, कपाळाला लावायचा प्रयत्न केला, आणि मध्येच टाकून दिला. चांगला पाय पोटाशी ओढून घेतला. त्या दिवशी पाय धुतले नाहीत, जेवण घेतलं नाही. गालात कोंबलेला भात बाहेर. मशीन चालवायचं मला सुचेना. खाली जाऊन त्या नवरा-बायकोला काय काय सुनवावं असं वाटत होतं, पण घर त्यांचं, बाप त्यांचा, पैसा त्यांचा. मी कोण?

संध्याकाळी शालिकनंच प्रभाकरला गाठलं. "भाऊ, माहा पगार बंद करा. मले नोको. दोन टाइम जेवाले द्या फक्त. भाचा म्हून राहू द्या."

"अन् काटोलले बायको-पोरी का खातीन?"

"होते जी, काहीतरी होते."

प्रभाकरनं दुकानाच्या किल्ल्या खिशात टाकल्या. मग म्हणाला, "नाई गा. आज पगार नाई घेशीन, उद्या म्हनशीन मामाची सेवा केली, मले हिस्सा द्या. पगार घेतला का हिशेब साफ. घेनं असन तं राह्य, नाई तं मी दुसरा पाह्यतो."

बोला आता! घेतला तर गडी, न घेतला तर चोर. शालिकला यावर होते जी म्हणायलाही जागा उरली नाही.

आणि याच वेळी हिंगण्याचं गेट उघडलं. त्याच्याबरोबर कारखान्यात असलेला एक दोस्त मोटरसायकलवर सांगायला आला. मी शालिकला म्हटलं, "जा बाबा, सुटशील. नोकरी लागली की तू परत भाचा." तो दोन दिवस विचार करत होता. मामाच्या कानाशी बसून काय काय सांगितलं देव जाणे. नत्थूजींनी डाव्या हातानं खूण केली, जा. तो गेला. निर्मलाकडे नवा माणूस आला, धट्टाकट्टा, ओसरीवर बसून बिड्या ओढणारा.

पहिल्या रविवारी शालिक आला तो पाहुणा म्हणून. इस्त्रीचा शर्ट, हातात संत्र्यांची थैली. निर्मलानं खुर्ची टाकली. "या ना शालिकभाऊ, बसा." शालिकचा शालिकभाऊ झाला होता. इतके दिवस चहा स्टीलच्या गिलासात पायरीवर मिळायचा, तो आज कपबशीत, पोह्यांबरोबर. तिचं मन वाईट नव्हतं हो. पगारी नाही म्हटल्यावर तो तिच्यासाठी खरोखरच भाचा झाला होता, ती मोकळ्या मनानं करत होती. "बाबा, पाहा, तुमचा भाचा आला. द्या भाऊ, पाय द्या त्यांच्याकडे."

शालिकनं पाय काठावर ठेवला. नत्थूजींचा हात निघाला, पांघरुणावरून घसरत, दम खात. बोटं अंगठ्याला लागली, पण कपाळाकडे गेली नाहीत. त्यांनी शालिकचा घोटा धरला. धरला तो सोडेचनात.

"सोडा ना जी मामाजी."

सोडेनात. चहावर साय आली. शालिक वाकला, पांघरूण जरा उचललं, आणि वास माझ्या खिडकीपर्यंत आला. त्यानं मामाला कुशीवर वळवलं. पाठीला, कंबरेखाली जखमा झाल्या होत्या, धोतर चिकटलेलं. नव्या माणसानं कुशीवर वळवलंच नव्हतं. का वळवेल? त्याला कोणी सांगितलं होतं?

शालिकनं इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला. पँट दुमडली. "वैनी, पानी गरम कराल का?"

"अवो भाऊ, तुम्ही पाहुणे आले ना आज!"

"करा ना वैनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत मोटरसायकलचा हॉर्न वाजत राहिला. "अबे चल ना! नाव कटन तुयं!" शालिकनं ओल्या हातानं त्याला जायची खूण केली. मला राहवलं नाही. मी तरातरा जिना उतरले.

"बयताड आहेस का रे तू? हातची नोकरी घालवतो? मुलींचं काय? आणि इथे काय मिळणार, परत पायरीवरचा गिलास!"

तो मामाच्या पाठीला मलम लावत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, भाचा म्हून आलो तं रविवारचा येईन. गडी म्हून राह्यलो तं रोज राहीन. मंग का करू? तुम्ही सांगा."

मी वर जाऊन बसले.

नव्या माणसाची सुट्टी झाली आणि तो गडी म्हणून राहिला. दुकानासमोरच्या रांगेत उभा राहिला, पायरीवर जेवला, हात हुंगत राहिला. खाटेवर पाय ठेवायची बंदी होतीच. नत्थूजींच्या थापा हळूहळू थांबल्या. मग तर ते पाय ओढूनही घेईनात. शालिक पाय धुवायचा तेव्हा ते डोळे मिटून पडून राहायचे आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. पाप लागतंच आहे तर लागू दे, असं झालं असेल त्यांचं. शालिक बडबड करत राहायचा, बाजारभाव, पाऊसपाणी, मुलींच्या शाळा. जखमा भरल्या पाठीच्या. ते मात्र त्यानं करून दाखवलं.

नत्थूजी गेले ते ऐन उन्हाळ्यात, दुपारी, शालिक ओली चादर दारावर टांगत असताना. तो वळला तोवर संपलं होतं.

तेरवीला आमच्याकडे भाच्याला मोठा मान. त्याला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, धोतरजोडी, नवी भांडी द्यायची, घरच्या सगळ्यांनी त्याच्या पाया पडायचं. त्यानं घास घेतला म्हणजे गेलेल्याला पोचलं. मला वाटलं होतं, चला, आज तरी. अंगणात पाट मांडला गेला, आणि त्यावर येऊन बसला सुधाकर. नत्थूजींच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, बँकेतला. मामांच्या आजारपणात एकदा आला होता, नाकाला रुमाल लावून दारातूनच परत गेला होता.

त्याचे पाय धुवायला प्रभाकर बसला. आणि तांब्यातून पाणी घालायला कोण? शालिक.

आता मात्र माझा ताबा सुटला. पंगतीत होते तिथूनच बोलले, "अहो, भाचा पाणी घालतोय आणि पाहुणा पाटावर बसलाय! असं कसं?"

घरातले एक वडीलधारे म्हणाले, "बाई, शालिकनं पगार घेतला ना. पगार घेनाऱ्याले दान लागू होत नाई. अन् तुम्ही किरायादार, तुम्ही जेवा." सुधाकर बिचारा पाटावर चुळबुळला, पाय मागे घ्यायला लागला, पण प्रभाकरनं धरून ठेवले होते. मी यजमानांकडे पाहिलं, ते पत्रावळीकडे पाहत होते.

पाणी घालून झाल्यावर शालिक कढीची बादली घेऊन पंगतीत आला. माझ्यापाशी थांबला. "घ्या ताई. गरम हाय." मी मान वर केली नाही, कारण केली असती तर तिथेच रडले असते. त्यानं कढी वाढली आणि पुढच्या पानाकडे गेला. प्रभाकर सुधाकरच्या पायावर डोकं ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मलानं शालिकला मामांची खाट दिली. गेलेल्या माणसाची खाट घरात ठेवत नाहीत, ती गड्याला द्यायची रीत. नवी भांडी सुधाकरबरोबर गेली होती. शालिक म्हणाला, "द्या वैनी, नेतो काटोलले." त्यानं खाट गल्लीत काढली, ओल्या फडक्यानं पुसली, आणि बसस्टँडपर्यंत न्यायला एक ठेलेवाला बोलावला. मला खालूनच हाक मारून म्हणाला, "येतो ताई. काटोलकडे आल्या तं घरी येजा." मी हो म्हटलं. कधी गेले नाही, आणि तोही परत आला नाही.

ठेलेवाला बिडी संपवत होता. शालिक खाटेजवळ उभा होता, आणि उभ्या उभ्या त्याचा उजवा पाय उचलला गेला आणि खाटेच्या काठावर ठेवला गेला. अनवाणी, चप्पल खालीच राहिली. आकाशाकडे पाहत तो उभा राहिला. आता त्याला अडवणारं कोणी नव्हतं.

ठेलेवाल्यानं बिडी फेकली. "चल भाऊ, पाय हटव, खाट चढवतो."

"थांब गा," शालिक म्हणाला. "जरासा थांब."

मामाचा हात काठापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ तो तसाच उभा राहिला. मग त्यानं पाय खाली घेतला, चप्पल घातली, आणि खाटेचं एक टोक उचललं.